भाजलेल्या जखमेवरची मेलेली कातडी सुरीविना कशी काढतात : बर्न वॉर्डात नव्याने आलेल्यांसाठी

बर्न वॉर्डात रुजू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच कुणीतरी हातात ड्रेसिंगचा ट्रे देतं आणि म्हणतं, "चार नंबरचं ड्रेसिंग करून घ्या, स्लफ काढा जरा." स्लफ म्हणजे जखमेवरचा मेलेला, चिकट थर. मलाही असंच सांगितलं होतं. पलंगावर सात-आठ वर्षांचा मुलगा होता, अंघोळीचं कढत पाणी मांडीवर सांडलेलं. आदल्या दिवशीचं गॉज जखमेला वाळून घट्ट बसलं होतं. मी एक कोपरा चिमट्यात धरला आणि ओढला. मुलगा किंचाळला. गॉज निघालं तिथे टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटले आणि एकेका ठिपक्यातून रक्त वर आलं. मला वाटलं, जखम साफ झाली. आमच्या इन्चार्ज सिस्टरनी मला बाजूला घेतलं आणि ते गॉज उलटं करून दाखवलं. त्याला कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखं काहीतरी पातळ, पांढुरकं चिकटलं होतं. ती नवी कातडी होती. आठ दिवस त्या मुलाच्या अंगाने जी विणली होती, ती मी एका ओढीत उपटली होती.

त्या दिवसापासून मी प्रत्येक नव्या सिस्टरला, ब्रदरला, इंटर्नला एकच गोष्ट आधी सांगते. "स्लफ काढा" असं सांगितलं जातं तेव्हा त्यात न उच्चारलेला दुसरा भाग असतो: जिवंत आहे त्याला धक्का न लावता. सुरी न वापरता मेलेली कातडी काढायच्या सगळ्या पद्धती याच दुसऱ्या भागासाठी आहेत.

पहिली पायरी : जखम ओळखा

भाजलेल्या जागेचे तीन पट्टे असतात. डग्लस जॅक्सन या ब्रिटिश सर्जननी १९५३ साली ते मांडले आणि आजही आपण त्याच नजरेने जखम पाहतो. मधोमध, जिथे सर्वांत जास्त उष्णता लागली, तिथलं मांस मेलेलंच असतं. कडेला नुसती लाली असते, ती आपोआप बरी होते. या दोघांच्या मध्ये एक पट्टा असतो ज्यात रक्त अडखळत फिरत असतं. पहिल्या एक-दोन दिवसांत हा पट्टा जगूही शकतो, मरूही शकतो. रुग्णाला सलाईन कमी पडलं, जखम कोरडी पडली, जंतू शिरले किंवा आपण खसाखसा घासलं, तर तो मरतो. पहिल्या दिवशी वरवरची वाटलेली जखम तिसऱ्या दिवशी खोल निघते ती यामुळे. म्हणून खोलीचा अंदाज एकदा लिहून विसरू नका, रोज नव्याने पाहा.

बोटाने हलकेच दाबून सोडा. जागा पांढरी पडून लगेच गुलाबी झाली, ओलसर आहे आणि हात लावताच रुग्ण कळवळतो, तर कातडीचा खालचा थर बऱ्यापैकी शाबूत आहे. दाबल्यावर रंग बदलत नाही, लाल-पांढरे चट्टे आहेत, दुखणं कमी आहे, तर जखम खोल आहे. पांढरीफटक, तपकिरी किंवा काळी, चामड्यासारखी ताठ आणि टोचलं तरी न दुखणारी असेल तर पूर्ण जाडी जळाली आहे. नातेवाईक सांगतात, "सिस्टर, तिथं अजिबात दुखत नाही, बरं वाटतंय." दुखणं कळवणाऱ्या नसाच जळाल्या आहेत हे त्यांना ठाऊक नसतं. तिथे खोटा दिलासा देऊ नका.

आता मेलेल्या भागाची नावं. कोरडा, ताठ, चामड्यासारखा थर म्हणजे एस्कार. पिवळट, ओला, दोऱ्या-दोऱ्यांसारखा किंवा सायीसारखा चिकट थर म्हणजे स्लफ. तिसरा एक फसवा प्रकार आहे आणि नव्या लोकांची सर्वांत जास्त गफलत तिथेच होते. सिल्व्हर सल्फाडायझिनचं, म्हणजे चांदी असलेलं पांढरं मलम दोन-तीन दिवस लावलं की जखमेतल्या लसीशी, म्हणजे पाझरणाऱ्या पातळ स्रावाशी मिसळून त्याचा करडा-पिवळा जाड थर बसतो. तो हुबेहूब स्लफसारखा दिसतो, पण ते मेलेलं मांस नाही, मलमाचा गाळ आहे. कोमट सलाईनचं ओलं गॉज दहा मिनिटं ठेवा आणि कडेकडून हलकेच पुसा. मलमाचा थर सायीसारखा गुंडाळत येतो आणि खाली गुलाबी ओली जखम दिसते. स्लफ असा येत नाही, तो खाली धरून असतो. ही दहा मिनिटं न देता चिमटा लावला तर काय होतं ते मी वर सांगितलंच आहे.

मेलेलं काढायचं तरी कशाला? कारण तिथे रक्त पोचत नाही. रक्त नाही म्हणजे पांढऱ्या पेशी नाहीत, शिरेतून दिलेलं अँटिबायोटिकही नाही. जंतूंना तयार ताट. शिवाय खालची कातडी वर येऊ पाहते तिला तो थर आडवा येतो आणि खोली किती हेही दिसू देत नाही. एस्कार काही न करताही सुटतोच, पण त्याला दोन-तीन आठवडे लागतात, आणि तो सुटतो तो बराचसा जंतूंच्याच एन्झाइममुळे, म्हणजे मांस विरघळवणाऱ्या रसांमुळे. तेवढी वाट पाहणं मोठ्या जखमेला परवडत नाही.

दुसरी पायरी : कोणत्या जखमेला थांबायला वेळ नाही

हे आधी पक्कं करा, मगच मलमांकडे वळा.

हाताला, पायाला, बोटाला किंवा छातीला चहूबाजूंनी वेढणारा ताठ एस्कार असेल तर तो आतली सूज बाहेर फुगू देत नाही. बोटं गार पडतात, मुंग्या येतात, नखाचा रंग परत यायला वेळ लागतो, नाडी लागेनाशी होते. छातीला वेढा असेल तर श्वास अपुरा पडतो. अशा वेळी तो थर लांबीने चिरून मोकळा करावा लागतो, आणि तेही तासाभरात. यात मलम लावून वाट पाहायला जागा नाही. लगेच सर्जनला बोलवा.

विजेच्या धक्क्याने भाजलेल्या रुग्णाची बाहेरची जखम छोटी आणि आतला स्नायू जळालेला असतो, तिथेही वरून काही लावून भागत नाही. मोठ्या भागावर पूर्ण जाडी जळाली असेल तर सुरुवातीच्या दिवसांतच मेलेला भाग थराथराने तासून त्यावर रुग्णाचीच कातडी बसवतात, म्हणजे ग्राफ्ट करतात. मारिबोर या आजच्या स्लोव्हेनियातल्या गावी झोरा यान्झेकोविच या डॉक्टरीणबाईंनी ही पद्धत रुळवली आणि १९७० साली ती प्रसिद्ध झाली. भाजलेले रुग्ण जगण्याचं प्रमाण सुधारलं त्यात या बाईंचा वाटा फार मोठा आहे, आणि सुरीविना डिब्राइडमेंट, म्हणजे मेलेलं काढणं, शिकताना मला त्यांची आठवण मुद्दाम द्यावीशी वाटते. आपण जे शिकतो आहोत ते शस्त्रक्रियेला पर्याय म्हणून सगळीकडे चालत नाही. ते चालतं मध्यम खोल जखमांना, चेहरा, हात, कान अशा ठिकाणी, जिथे तासताना जिवंत थरही जाण्याची भीती असते. तसंच लहान भागांना आणि भूल न झेपणाऱ्या रुग्णांना.

आणि जखमेचा रंग एकाएकी काळा-जांभळा झाला, हिरवट स्राव आणि गोडसर उग्र वास आला, रुग्ण बरळू लागला, ताप चढला किंवा उलट अंग गार पडलं, तर ड्रेसिंग तिथेच थांबवून डॉक्टरांना कळवा.

तिसरी पायरी : दुखणं आधी, ड्रेसिंग नंतर

तोंडाने दिलेलं वेदनाशामक लागू पडायला अर्धा ते पाऊण तास लागतो. तुम्ही ट्रॉली घेऊन निघताना गोळी दिलीत तर ती ड्रेसिंग संपल्यावर काम करील. म्हणून सकाळी आल्या आल्या कोणाचं ड्रेसिंग कधी हे ठरवा आणि त्या हिशेबाने लिहून दिलेली औषधं द्या. मोठ्या ड्रेसिंगला भूलतज्ज्ञ केटामिनसारखं भुलीचं औषध देणार असतील तर रुग्ण उपाशी आहे का, ते आधी विचारा. मुलांच्या बाबतीत एक अनुभवाची गोष्ट: आईला बाहेर काढू नका. डोक्याशी उभं राहून ती नुसती बोलत राहिली तरी फरक पडतो. आणि ड्रेसिंग पलंगावर न करता शक्यतो ड्रेसिंगरूममध्येच करा, म्हणजे पलंग ही मुलाची निर्धास्त जागा राहते.

खोली गरम ठेवा, पंखा बंद, एसी बंद. कातडी नसलेलं अंग झपाट्याने गार पडतं. सलाईनच्या बाटल्या कोमट पाण्याच्या टोपात ठेवा. लागणारं सगळं आधी मांडून घ्या, कारण उघडी जखम ठेवून "अहो मावशी, पॅड आणा हो" अशी हाकाटी करण्यात जो वेळ जातो तो रुग्णाच्या अंगावर जातो.

चौथी पायरी : भिजवा, धुवा, घासू नका

वरचे पॅड आणि बँडेज कापून काढा. आतलं गॉज सुटत नसेल तर कोमट सलाईन किंवा स्वच्छ पाणी ओता आणि थांबा. पाच मिनिटं, दहा मिनिटं, लागतील तेवढी. मग गॉज वर न उचलता जखमेला समांतर, कातडीला लागून मागे दुमडत न्या. दुसऱ्या हाताचं बोट कडेच्या कातडीवर ठेवा, म्हणजे ताण जखमेला बसत नाही.

पूर्वी ओलं गॉज लावून वाळू द्यायचं आणि वाळल्यावर ओढून काढायचं, ही स्लफ काढायची रीतच होती. अजूनही काही ठिकाणी चालते. माझं स्पष्ट मत आहे की भाजलेल्या जखमेला ती वापरू नये. गॉजला मेलेलं आणि जिवंत यातला फरक कळत नाही. टबात बसवून सगळं अंग भिजवायची पद्धतही अशाच कारणाने मागे पडली: एकाच्या जखमेतले जंतू टबातून दुसऱ्याच्या अंगावर जायचे. आता वाहत्या पाण्याखाली, शॉवरने धुतात, आणि ते बरं आहे. मऊ गॉजने एका दिशेने पुसा. सुटून लोंबणारी कातडी, फुटलेल्या फोडाचे पापुद्रे कात्रीने कडेला कापले तरी चालतं, मात्र रक्त आलं किंवा रुग्ण दचकला की तुम्ही जिवंत भागापाशी आलात, तिथे थांबा. घरून लावून आलेली टूथपेस्ट, हळद, शाई हेही याच धुण्यात निघतं. त्यासाठी नातेवाइकांना रागावू नका. घाबरलेल्या माणसाने जे हाताशी होतं ते लावलं. पुढच्या वेळी वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी घ्या आणि बर्फ लावू नका, एवढं शांतपणे सांगा.

पाचवी पायरी : काय लावायचं

हे डॉक्टर ठरवतात, पण ते का ठरवलं हे आपल्याला कळलं पाहिजे, नाहीतर एक औषध दुसऱ्याला मारतं.

सर्वांत सौम्य मार्ग म्हणजे जखम ओली ठेवणं. शरीराच्या स्वतःच्या पेशी आणि एन्झाइम मेलेला भाग विरघळवतात, फक्त त्यांना ओलावा हवा. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकराच्या पिलांवर दाखवलं की झाकून ओली ठेवलेली जखम उघड्या वाळलेल्या जखमेपेक्षा लवकर भरते. "जखमेला हवा लागू द्या" हा आपल्याकडचा जुना सल्ला तिथेच खोटा ठरला, तरी तो अजून घराघरांत ऐकू येतो. हायड्रोजेल कोरड्या थराला पाणी पुरवतं, पातळ पारदर्शक फिल्म ओलावा धरून ठेवते. या मार्गाला दिवस लागतात, दुखत जवळजवळ नाही, पण लस फार वाहत असेल किंवा संसर्ग असेल तर हा मार्ग घ्यायचा नाही. कडेची कातडी पांढरी, सुरकुतलेली, भिजलेल्या बोटासारखी दिसू लागली की ओलावा जास्त झाला असं समजा आणि ड्रेसिंग लवकर बदला.

मध हा याच घरातला. यात महाराष्ट्राचं नाव आहे आणि ते आपल्याला माहीत असावं. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले सर्जन डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली १०४ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना मध, निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिन. सात दिवसांत मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, दुसऱ्या गटात ७ टक्के. त्यानंतर जगभर बरंच काम झालं. अर्धवट जाडीच्या जखमा मधाने नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा काही दिवस लवकर भरतात, असं दिसतं. मध पाणी ओढून घेतो, त्यामुळे खालून लस वर येते आणि स्लफ सैल होतो. तो आम्लधर्मी असतो आणि त्यातून थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड सुटत राहतं. पण स्वयंपाकघरातली बाटली उघडायची नाही. कच्च्या मधात जंतूंचे बीजाणू असू शकतात. ड्रेसिंगसाठीचा मध किरणोत्साराने निर्जंतुक केलेला असतो. लावल्यावर काही रुग्णांना थोडा वेळ चुरचुरतं, ते आधी सांगून ठेवा.

पुढचा मार्ग एन्झाइमच्या मलमांचा. यात तीन नावं लक्षात ठेवा.

कोलॅजिनेज हे क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूपासून मिळतं. मेलेला भाग खालच्या जखमेला कोलॅजनच्या धाग्यांनी बांधलेला असतो, ते धागे हे एन्झाइम तोडतं. जिवंत कातडीला फारसा त्रास देत नाही. दिवसातून एकदा, नाण्याच्या जाडीएवढा थर, फक्त मेलेल्या भागावर, वर ओलसर ड्रेसिंग. कोरड्या ताठ एस्कारवर ते आत शिरत नाही. डॉक्टर त्यावर ब्लेडने जाळीसारख्या बारीक रेघा पाडून देतात. आणि चांदी किंवा आयोडीन असलेलं काही त्याच्याबरोबर लावायचं नाही, एन्झाइम निकामी होतं. आदल्या दिवशी पोव्हिडोन आयोडीन वापरलं असेल तर आधी सलाईनने चांगलं धुवा. रोज महागडं मलम लावूनही स्लफ हलत नाही म्हणून लोक वैतागतात, तेव्हा मी ट्रे उघडून बघते. पुष्कळदा धुवायला आयोडीन घेतलेलं असतं.

पपेन कच्च्या पपईच्या चिकातून मिळतं आणि आपल्याकडे युरियाबरोबर मलमात येतं. स्लफ बरा सुटतो, पण आग होते. अमेरिकेत परवान्याविना विकली जाणारी पपेनची मलमं २००८ साली बाजारातून काढायला लावली, कारण काही रुग्णांना जोरदार ॲलर्जी झाली होती. म्हणून लावण्याआधी पपई, लॅटेक्स यांची ॲलर्जी विचारा आणि पहिल्या वेळी रुग्णापाशी थांबा. हायड्रोजन पेरॉक्साइडने हे एन्झाइम मरतं, चांदीनेही. गॅम्बियातल्या बांजुल इथल्या रुग्णालयात मुलांच्या जखमांवर पपईचा गर वापरल्याचं १९९९ साली प्रसिद्ध झालं आहे, पण ते वॉर्डात, डॉक्टरांच्या नजरेखाली, रोज बदलून. हे वाचून कुणी घरी चीक चोळू नका, चिकाने चांगली कातडीही सोलते.

तिसरं ब्रोमेलेन, अननसाच्या देठापासून मिळणारं, नेक्सोब्रिड नावाने येतं. युरोपात २०१२ साली आणि अमेरिकेत २०२२ साली त्याला मान्यता मिळाली. बाकीच्यांना जिथे दिवस लागतात तिथे हे चार तासांत काम करतं, म्हणून त्याची पद्धत जरा सविस्तर सांगते.

आधीचं सिल्व्हरचं मलम आणि आयोडीन पूर्ण धुऊन काढतात, फोडांची कातडी काढतात आणि जंतुनाशकाने भिजवलेलं ड्रेसिंग दोन तास ठेवतात. दुखणं इतकं होतं की भूलतज्ज्ञ त्या हाताची किंवा पायाची नस बधिर करतात, नाहीतर शिरेतून जोरदार वेदनाशामक चालू ठेवतात. जखमेच्या कडेने व्हॅसलीनचा बांध घालायचा, काही सेंटिमीटर बाहेर. जुन्या बायका पुरणाच्या ताटाला कडेने हात फिरवतात तसा, खंड न पडता. बांध जखमेवर चढला तर त्याखालचं मेलेलं तसंच राहतं. पावडर जेलमध्ये मिसळली की पंधरा मिनिटांच्या आत लावून व्हायला हवी, त्यानंतर तिचा जोर ओसरतो. म्हणून मोजमाप, बांध, फिल्म हे सगळं तयार झाल्यावरच कुपी उघडायची. ओल्या जखमेवर दीड ते तीन मिलिमीटर थर द्यायचा, वर पारदर्शक फिल्म चिकटवायची आणि चार तास घड्याळ लावायचं. एका वेळी शरीराच्या १५ टक्क्यांपर्यंतच. रुग्णाच्या पंजाचा ठसा, बोटांसकट, म्हणजे साधारण एक टक्का, हे प्रमाण इथे उपयोगी पडतं. रक्त न गोठण्याचा त्रास असलेल्यांना आणि अननस-पपईची ॲलर्जी असलेल्यांना हे द्यायचं नाही. रासायनिक आणि विजेच्या जखमांना वापरत नाहीत.

चार तासांनी फिल्म काढली की खाली तपकिरी, ओघळणारा चिखल दिसतो. तो बोथट, निर्जंतुक पट्टीने, जीभ दाबायला असते तशा, खरवडून घ्यायचा, मग ओल्या गॉजने पुसायचं. आता नीट पाहा, खोली कळायची ती इथेच. पांढरट चकचकीत थर आणि त्यावर टाचणीएवढे दाट रक्ताचे ठिपके: कातडीचा खालचा थर बराच शिल्लक आहे, ग्राफ्ट न लागता भरण्याची आशा आहे. ठिपके मोठे आणि विरळ: खोल आहे. पिवळी चरबी दिसली: कातडी बसवावी लागणार. यानंतर पुन्हा दोन तास भिजवलेलं ड्रेसिंग ठेवून मग कायमचं ड्रेसिंग होतं. त्या दिवसानंतर जखम कोरडी पडू दिलीत तर नुकताच उघडा पडलेला जिवंत थर पुन्हा मरतो. मेहनत वाया गेल्याचं दुःख मी पाहिलं आहे, म्हणून हे ठासून सांगते.

बाकीचे प्रकार थोडक्यात. युसोल, म्हणजे ब्लीचिंग पावडर आणि बोरिक ॲसिडचं द्रावण, पहिल्या महायुद्धात एडिनबरोत तयार झालं आणि आपल्या सरकारी वॉर्डांत अजून आहे. घाण वास येणाऱ्या जाड स्लफवर थोडे दिवस चालतं. ताजं केलेलं, रंगीत बाटलीतलं घ्या, कडेच्या कातडीला व्हॅसलीन लावा, आणि लाल दाणेदार मांस दिसू लागलं त्या दिवशी बंद करा, कारण नव्या पेशीही त्याने मरतात. "लिहिलंय म्हणून चालू आहे" असं पंधरा-पंधरा दिवस चालतं, ते राउंडला विचारून थांबवणं हे सिस्टरचं काम आहे. निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या हिरव्या माशीच्या अळ्या दोन-तीन दिवस जखमेवर बांधून ठेवायची पद्धत पायाच्या जुन्या जखमांत जास्त चालते, बर्न वॉर्डात तुम्हाला क्वचितच दिसेल.

सहावी पायरी : झाकण्यासाठी न चिकटणारं काही

गॉज थेट जखमेवर नको. व्हॅसलीन गॉज, सिलिकॉनची जाळी, कोलॅजनची पातळ शीट यांपैकी जे मिळेल ते मध्ये घाला. पैसे नाहीत ही अडचण खरी आहे आणि त्यावर आपल्याच लोकांनी काम केलं आहे. मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या डॉ. माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाचं ड्रेसिंग अर्धवट जाडीच्या जखमांवर वापरून त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध केले. पान गुळगुळीत, ओलावा धरणारं, काढताना न दुखणारं आणि अगदी स्वस्त. ज्या पानावर आपण सणाला जेवतो त्याचा हा उपयोग कुणाला तरी सुचला, याचं मला फार कौतुक वाटतं. त्याआधी १९८५ साली मुंबईतूनच उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या ड्रेसिंगचा अनुभव प्रसिद्ध झाला होता.

बोटं बांधताना प्रत्येक बोट वेगळं गुंडाळा, नाहीतर दोन ओल्या जखमा एकमेकींना चिकटून बोटं जोडली जातात. मानेखाली उशी नको. काखेत, कोपरात, गुडघ्यात सांधा सरळ राहील असं बांधा. रुग्णाला दुमडून पडलं की बरं वाटतं, पण तसाच सांधा आखडतो.

सातवी पायरी : रोज लिहा, आणि कधी थांबायचं ते ओळखा

केसपेपरवर "ड्रेसिंग झाले" एवढंच लिहू नका. किती टक्के भाग पिवळा, किती काळा, किती लाल, कडा कशा, वास कसा, दुखणं दहापैकी किती, काय लावलं. शक्य असेल तर रुग्णाची परवानगी घेऊन, एकाच अंतरावरून फोटो. तीन-चार दिवसांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की कळतं, पिवळा भाग घटतोय की नाही. आठवडाभर काहीच हललं नाही तर पद्धत चुकली आहे किंवा जखम वाटली त्यापेक्षा खोल आहे. भाजल्यापासून तीन आठवड्यांत जखम भरणार नाही असं दिसलं, तर सर्जन ग्राफ्टचा विचार करतात, कारण त्यापुढे रेंगाळलेल्या जखमेचा व्रण जाड, ताणणारा होतो. "मलमाने होईल हो सिस्टर, ऑपरेशन नको" असं घरचे हात जोडून म्हणतात. त्यांच्याशी बसून बोला. सुरी टाळण्यासाठी आपण जे जे केलं ते दाखवा, फोटो दाखवा, आणि आता थांबलो तर हात उघडणार नाही हे खरं ते सांगा.

सिल्व्हर सल्फाडायझिनबद्दल राहिलंच. खोल, घाणेरड्या जखमेत जंतू रोखायला ते चांगलं आहे, पण वरवरच्या स्वच्छ जखमेला रोज थापलं तर ती उशिरा भरते. सल्फाची ॲलर्जी, दिवस भरत आलेली गर्भवती आणि दोन महिन्यांच्या आतलं बाळ यांना लावायचं नाही.

आणि खाणं. मेलेलं काढलं तरी नवं विणायला सूत लागतं, ते प्रथिनांचं. मोठ्या जखमेच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. म्हणजे पन्नास किलोच्या बाईला पंचाहत्तर ते शंभर ग्रॅम. अंडी, दूध, पनीर, डाळ, शेंगदाण्याचा कूट, मासे, जे चालतं ते. आपल्याकडे भाजलेल्याला नुसती पेज देतात, वरून "अंड्याने जखम चिघळते" असं सांगतात. तसं होत नाही. ड्रेसिंगनंतर रुग्ण थकून झोपतो आणि जेवणाची गाडी निघून जाते, हे रोज घडतं. त्याचं ताट झाकून ठेवायला मावशींना सांगून ठेवा, आणि तो उठला की आधी ते द्या.

त्या मुलाच्या मांडीवर मी उपटलेली कातडी पुन्हा आली, आठ-दहा दिवस उशिरा. शेवटच्या ड्रेसिंगला तो स्वतः बाटली धरून गॉजवर पाणी ओतत होता आणि मला सांगत होता, "सिस्टर, अजून नाही सुटलं, थांबा."